म्हाताऱ्याची हाळी

म्हातारा गेला आणि त्याच्या पाठोपाठ थंडी उतरली. एरवी या दोघांचं कधी जमलं नव्हतं. ती येणार असा वास नाकाला आला की म्हातारा कळप हलवायचा, आणि ती वरच्या कुरणात पोचेपर्यंत हा खालच्या उतारावर चुलीपुढे पाय शेकत बसलेला असायचा. यंदा ती आली तेव्हा कळप वरच होता आणि म्हातारा दगडांच्या राशीखाली झोपला होता.

घोगरी त्याची सून. तिचं खरं नाव घरात कोणी घेत नसे. लग्न होऊन आली तेव्हा दारात उभी राहून ती एवढंच म्हणाली होती, 'येऊ का आत?' तो जाडाभरडा, खरखरीत आवाज ऐकून जमलेल्या बायकांनी तोंडावर हात घेतले होते. नवरी आणली की नवरदेव, असं कोणीतरी म्हणालं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तेव्हापासून ती कमीच बोलायची. आवाजच असा, की साधं 'दूध उतू जातंय' म्हटलं तरी भांडण वाटावं.

डोंगरावरची ही माणसं मेंढरांच्या मागे चालत नाहीत, पुढे चालतात. मेंढरं हाकली की बिथरतात, एकमेकींत घुसतात, आणि अरुंद वाटेवर एक पडली की तिच्यामागे निम्मी पडतात. म्हणून पुढे एक माणूस, त्याची हाळी, आणि हाळीमागे कळप. प्रत्येक घराची हाळी वेगळी. कोकरू आईच्या पोटातून बाहेर पडतं तेच ती ऐकत. म्हाताऱ्याची हाळी छातीतून निघायची, मध्ये जरा फाटायची, घशात काही अडकल्यासारखी, आणि शेवटी जिभेचे दोन टिचके. चांगली हाळी कोणती असं विचारलं तर इथली माणसं एकच सांगतात : जिच्यामागे एकही राहत नाही ती. म्हाताऱ्याच्या हाळीमागे कधी एकही राहिली नव्हती.

तीच हाळी आता बंद होती. माणूस मेला की श्वास जातो, पण हाळी जात नाही. ती मेंढरांच्या कानात राहते, असं इथे मानतात. मेंढरांची एकदा लोकर उतरली की जुन्या लोकरीबरोबर ती निघते, आणि मग मेलेला मोकळा होतो. तोवर ती कोणी घालायची नाही. घातली तर गेलेला अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतो. त्याला स्वतःचं शरीर उरलेलं नसतं, म्हणून ज्याने बोलावलं त्याच्याच गळ्यात येऊन बसतो. मग तो गळा त्याचा. लोकर उतरेपर्यंत त्या माणसाने स्वतःचा एक शब्दही बोलायचा नाही. घराने त्याला गेलेलाच माणूस समजायचं, त्याच्या जागी बसवायचं, त्याचाच मान द्यायचा. मध्येच बोलला तर आतला बाहेर पडतो आणि कळपाचे कान फुटतात. मग मेंढरं कोणाचीच राहत नाहीत, वाट फुटेल तिकडे जातात.

फार पूर्वी एकाने आपल्या मेलेल्या भावाची हाळी घातली होती म्हणे. लोकर उतरायच्या आतच तो कड्यावरून खाली गेला. पाय घसरला की त्यानेच घसरवला, हे सांगायला तो बोलत कुठे होता.

घरातला दुसरा पुरुष म्हाताऱ्याच्या हयातीतच कळपाला आपली हाळी ओळखीची करून ठेवतो, म्हणजे असा प्रसंग येत नाही. पण या घरात मुलगा एकच, आणि तो खाली बोगद्यात. खाली डोंगर पोखरून रस्ता काढायचं काम चाललं होतं. दगडाच्या भुकटीत राबून त्याचा घसा बसला होता, केस करडे दिसायला लागले होते, आणि लोक त्याला तोंडावरही बोगद्या म्हणायला लागले होते. जाताना त्याने बापाला विचारलं होतं, 'आबा, जाऊ?' म्हातारा काही बोलला नाही. मेंढरांकडे तोंड करून उभा राहिला. पोरगा गेल्यावर तो घोगरीला म्हणाला, 'मुका राहिलो तर त्याला वाटलं, जा म्हणतोय.' बाप गेल्याचा निरोप मिळाला तेव्हा बोगद्या धापा टाकत वर आला खरा, पण मेंढरांनी त्याच्याकडे पाहिलं ते पाहुण्याकडे पाहावं तसं.

आणि म्हातारा कसा गेला, हे सासूने कोणालाच पुरतं सांगितलं नव्हतं. घोगरीला ठाऊक होतं, कारण वरची झोपडी एकखणी. म्हाताऱ्याला खोकला लागला होता. सासू दिवसभराच्या कामाने मोडून आली होती. 'जरा बाहेर जाऊन खोका,' ती कुशीवर वळत म्हणाली, 'मेला डोळ्याला डोळा लागू देत नाही तुमचा खोकला.' म्हातारा घोंगडी घेऊन उठला आणि मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या भिंतीला जाऊन टेकला. उजाडलं तेव्हा मेंढरं त्याला चहूबाजूंनी चिकटून बसली होती, आणि एवढ्या उबेत तो गार पडला होता.

खाली उतरायचं तर एकच खिंड, आणि तिच्यापलीकडे वाट कड्याच्या पोटातून जाते. एका बाजूला छातीला घासणारा खडक, दुसऱ्या बाजूला काही नाही. बाकीची घरं उतरून गेली होती. एकटा धाकटा चुलता, म्हाताऱ्याचा भाऊ, आपला कळप खिंडीच्या तोंडाशी थांबवून पुतण्यासाठी खोळंबला होता. दोन्ही कळप एकत्र करता आले असते तर प्रश्नच नव्हता, पण मेलेल्याचा कळप दुसऱ्यात मिसळायचा नाही. त्या कळपाचेही कान बिघडतात.

पहिल्या दिवशी बोगद्या खिंडीत पुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने आपली हाळी घातली. ती हाळी कसली, फुटक्या भात्यातून वारा जावा तसा आवाज. मेंढरांनी माना वर केल्या, त्याला पाहिलं आणि पुन्हा बर्फ उकरून गवत शोधायला लागली. चुलत्याची माणसं पाठ फिरवून उभी होती. हसत नव्हती, पण पाठी हलत होत्या. दुसऱ्या दिवशी त्याने मीठ आणलं. मिठामागे म्होरकी, कळपात सगळ्यांच्या पुढे चालणारी मेंढी, आली, तिच्यामागे चार आल्या, खडकाशी पोचल्या, तिथे मीठ चाटून संपवलं आणि वळून शांतपणे वाडग्याकडे परतल्या, जिथे म्हातारा टेकला होता त्या भिंतीपाशी.

तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं फिरलं. त्याने म्होरकीच्या गळ्यात दोर अडकवला आणि तिला ओढत कड्याच्या वाटेवर नेलं. घोगरी मागून ओरडली, तिच्या पोटात दोन कोकरं आहेत, असं ओढू नकोस. म्होरकीने चारही पाय रोवले. दोर ताणला, तिचा मागचा पाय निसटला, आणि तिच्या अंगाला अंग लावून चालणाऱ्या दोघी तिच्याबरोबर गेल्या. खाली पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. बोगद्याने दोर शेवटपर्यंत सोडला नव्हता. तळहाताची साल निघून आली होती आणि तो ती दुसऱ्याची असल्यासारखी बघत होता.

संध्याकाळी चुलता झोपडीत आला. चुलीपुढे बसून त्याने हात शेकले, हवापाण्याचं बोलला, मग मुद्द्यावर आला. उद्या मी उतरतो, म्हणाला, माझ्याही घरात लेकरंबाळं आहेत. वारा वळलाय. एकदा मोठं बर्फ बसलं की खिंड उन्हाळ्यापर्यंत उघडत नाही. वहिनीला आणि सुनेला घेऊन तुम्ही माझ्याबरोबर चला. जमतील तेवढ्या मेंढ्या कापून कातडी तरी न्या, बाकीच्या डोंगराच्या. जो जातो तो आपला वाटा घेऊन जातो, असं समजायचं.

'मग मी पुन्हा बोगद्यात,' बोगद्या म्हणाला. त्यात राग नव्हता, थोडी सुटका होती, आणि घोगरीला तीच झोंबली. दोन वर्षं ती या माणसाची वाट पाहत सासरी राहिली होती. घरात पाळणा हलला नव्हता, आणि का हलला नाही म्हणून टोमणे मारणाऱ्यांना एवढंही कळत नव्हतं की त्यासाठी नवरा घरात असावा लागतो. कळप होता म्हणून तो आज ना उद्या परत येईल असं म्हणता येत होतं. कळप गेला की तो गेला, आणि मग या डोंगरावर तिचं असं काहीच उरत नव्हतं.

चुलता गेल्यावर ती नवऱ्याच्या तळहाताला चरबी लावायला बसली.

'मी घालते,' ती म्हणाली.

काय, असं बोगद्याने विचारलं नाही. 'तसलं काही करायचं नाही.'

'मला येते.'

'येते ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच सांगतोय.'

ते खरंच होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच लोकरीच्या दिवसांत, बायका कातरीला धार लावत बसल्या असताना, तिने गंमत म्हणून सासऱ्याची हाळी घातली होती. तो तिचा घोगरा गळा, ती मधली फाट, ते दोन टिचके. अर्धी कातरलेली मेंढी चुलत्याच्या मांडीखालून उठून धावली होती. म्हातारा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि हसून झाल्यावर म्हणाला, 'पुन्हा नको, पोरी.' पुन्हा तिने घातली नव्हती.

बोगद्याने हात सोडवून घेतला. 'तू आबा होऊन बसलीस, तर मी घरात बोलू कोणाशी?'

'आणि कळप गेला तर? राहशील तू घरात?'

तो चुलीकडे बघत राहिला. होय म्हणायला त्याला काही लागत नव्हतं. तिने वाट पाहिली, मग चरबीचं भांडं उचलून जागेवर ठेवलं.

सासू कोपऱ्यात पाठ करून पडली होती. झोपली नव्हती. सकाळी घोगरी चुलीतला विस्तव सारखा करत होती तेव्हा सासू जवळ आली आणि तिने म्हाताऱ्याची घोंगडी सुनेच्या अंगावर टाकली. तिला कळप हवा होताच, पण तिचं स्वतःचंही काही अडलं होतं, ते पुढे कळलं.

आभाळ खाली आलं होतं. बर्फाचे बारीक कण आडवे उडत होते, तोंडावर मीठ फेकल्यासारखे. चुलत्याचा कळप पुढे गेला होता आणि त्याची वाट बुजत चालली होती. घोगरी खिंडीत शिरली. कड्याची वाट सुरू होते तिथे खडकाला हात टेकून ती वळली. मेंढरं वाडग्याच्या भिंतीला दाटीवाटीने उभी होती, नवरा त्यांच्या मागे, सासू त्याच्याही मागे पाठीवर भांडीकुंडी बांधून.

'कुत्र्याला मोकळं सोड,' ती म्हणाली.

हे तिचं शेवटचं बोलणं. पुढे पुष्कळदा तिच्या मनात आलं, शेवटचंच बोलायचं होतं तर काहीतरी बरं तरी बोलायचं.

तिने घोंगडी डोक्यावरून घेतली, छाती भरून वारा आत घेतला आणि हाळी घातली.

आवाज कड्यावर आदळून परत आला. तो तिचा नव्हता. मेंढरांच्या माना एकदम वर झाल्या. क्षणभर सगळं थिजल्यासारखं झालं, आणि मग पहिली निघाली, म्होरकीची लेक, मग तिच्यामागे दुसरी, मग भिंत कोसळून दगड घरंगळावेत तशा सगळ्या. सगळ्यांच्या आधी कुत्रा आला. तो तिच्यापाशी थांबलाच नाही. तिला ओलांडून पुढे धावला, वळणापर्यंत जाऊन वास घेतला, परत आला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पुढे धावला. त्याच्या मालकाला तो शोधत होता. हे पाहायला लागू नये म्हणून घोगरीने पाठ फिरवली आणि चालायला लागली.

एक पाऊल, हाळी. दुसरं पाऊल, हाळी. थांबायची सोय नव्हती; पुढचीचं नाक तिच्या गुडघ्यामागे लागत होतं. डाव्या खांद्याला खडक घासत होता, उजव्या हाताला पांढरं पोकळ आभाळ. जिथे काल म्होरकी गेली तिथे कडेच्या खडकावर खुरांचे ओरखडे दिसत होते. मेंढरं तिथे अडली. तिने हाळी लांबवली, गळ्यातली फाट आपोआप फाटली, तोंडात रक्ताची चव आली. मेंढरं निघाली. पलीकडच्या उतारावर पोचल्यावर तिने बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ दिलं आणि चेहरे पाहून घेतले. सगळ्या होत्या. त्यांच्यामागून बोगद्या आला. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि ती जवळ येते आहे असं दिसताच अंग चोरून एक पाऊल मागे सरकला.

सर्वांत मागे सासू. सासूने वाट सोडून बर्फातच बैठक मारली होती आणि डोकं गुडघ्यांत घातलं होतं. घोगरी तिला उठवायला गेली तर ती म्हणाली, 'उठते. तुम्ही नका त्रास घेऊ.'

तुम्ही! इतक्या वर्षांत सासूने तिला 'अगं' याच्यापलीकडे हाक मारली नव्हती.

खालच्या उतारावरचं घर दगडी, दोन खणांचं, अर्धं मेंढरांना आणि अर्धं माणसांना. चुलीच्या उजव्या हाताला एक सपाट दगड होता, तो म्हाताऱ्याचा. तिथे तिला बसवलं. चुलत्याला मोठी पंचाईत पडली होती, कारण पूर्वी ज्याने हे केलं तो पुरुष होता. बाईने केलं तर काय, हे कोणाला माहीत नव्हतं. त्याने दोन दिवस विचार केला आणि म्हणाला, गळ्याला कुठे बाई-पुरुष असतं, गळा म्हणजे गळा. मग तोच तिच्यासमोर बसून मोठमोठ्याने, मेलेल्यांना कमी ऐकू येतं अशा समजुतीने, पुढच्या हंगामात कोणता एडका कळपात सोडावा हे विचारायला लागला. ती मान हलवायची. तो निम्मं आपल्या मनाचं करायचा, जसा म्हातारा असतानाही करायचा.

पहिले काही दिवस तिला आतल्या आत हसू यायचं. जी सासू तिला सगळ्यांच्या शेवटी, भांड्याच्या तळाचं वाढायची, ती आता आधी तिच्यापुढे दुधाचं भांडं ठेवायची, तेही सायीसकट. तिचे ओले जोडे काढून चुलीशी वाळत टाकायची. घोगरीने पाण्याची घागर उचलली की हातातून काढून घ्यायची. सासरी सून सुखात नांदावी म्हणून आया नवस बोलतात, आणि हिला सासरा मेल्यावर सासऱ्याचंच सुख मिळालं. पण सुखालाही कोणाशी तरी बोलावं लागतं. संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडात शब्द साचत, जीभ दातांवर आपटत राहायची, आणि ती उठून मेंढरांत जाऊन बसायची. तिथेही बोलता येत नव्हतं. तिथे तर मुळीच नाही.

बर्फ पडत होतं अशा एका दुपारी, बोगद्या लाकडं आणायला गेला असताना, सासू तिच्या पुढ्यात येऊन बसली. हातात लोकरीची चाती होती, पण सूत निघत नव्हतं.

'एक विचारू?' सासू म्हणाली. 'खरं सांगाल?'

घोगरीने मान हलवली.

'रागावून गेलात का?'

सासूने चाती खाली ठेवली. तोंडाचं बोळकं, त्यावर पांढरे चार केस, डोळे खाली. 'मी थकले होते हो,' ती म्हणाली. 'खोकल्याचं काय, खोकला रोजचाच होता. मला काय माहीत, त्याच रात्री... बाहेर जा म्हणाले मी. माझ्या तोंडाला आग लागो.'

त्या रात्री घोगरी जागी होती. म्हातारा बाहेर गेला तेव्हा त्याने दार किती हळू ओढून घेतलं होतं, आणि बाहेरून फटीत पोतं कोंबलं होतं, म्हातारीला वारा लागू नये म्हणून. सकाळच्या आकांतात सासूने दार ढकललं तेव्हा ते पोतं पायदळी गेलं. नंतर घोगरीनेच ते उचललं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिने तोंड उघडलं, मिटलं. मग ती उठली, दाराशी गेली. अंथरलेलं फाटकं पोतं उचललं, दार उघडून बाहेर पडली, दार हळूच, अगदी हळूच, ओढून घेतलं आणि बाहेरून फटीत पोतं कोंबायला लागली, डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत.

मग दार उघडलं. सासू उंबऱ्यात उभी होती आणि ते पोतं तिच्या पायाशी पडलं होतं. तिने ते उचलून छातीशी धरलं. बाहेरच्या गारठ्याने घोगरीला ठसका लागला, एक, मग दुसरा, थांबेना. सासूने तिला दंडाला धरून आत घेतलं, चुलीशी बसवलं, पाठीवर घोंगडी ओढली.

'खोका,' ती म्हणाली. 'खुशाल खोका.'

त्या दिवसापासून सासू नीट झोपायला लागली. घरातला एक माणूस तरी सुटला. पण ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तो दिवसेंदिवस लांब चालला होता.

बोगद्याने अंथरूण मेंढरांच्या खणात हलवलं होतं. बापाशेजारी कोण झोपतं? तो तिच्याशी बोलायचा ते मान खाली घालून, आबा म्हणून, आणि तेही अगदी अडलं तरच. तिचा हात चुकून लागला तर दचकायचा. त्याला खरंच भीती होती की सोय होती, देव जाणे; माणसाला पुष्कळदा स्वतःलाही ते कळत नाही. एकदा दूध देताना तिने त्याची बोटं धरून ठेवली. तळहातावरची नवी कातडी गुळगुळीत, गुलाबी झाली होती. त्याने हात सोडवला नाही, पण डोळे मिटून घेतले, आणि त्याच्या कपाळावर घाम आला. शेवटी तिनेच सोडला.

शिवाय त्याला काम उरलं नव्हतं. मेंढरं तिच्या हाळीने बाहेर पडायची, तिच्या हाळीने परत यायची. तो भिंतीचे पडलेले दगड बसवायचा, पाणी भरायचा, शेण काढायचा. शेजारच्या उतारावरची पोरं त्याला विचारायची, काय बोगद्या, आज बापाने चारलं का रे? तो हसायचा. घरी आल्यावर कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडत सुटायचा, नको तेवढी.

उन्हं जरा चढी लागली, खालच्या वाटेवरचं बर्फ मऊ पडलं. खालच्या बोगद्याचं तोंड पुन्हा उघडलंय, माणसं घेतायत, अशी बातमी आली. लोकर उतरायला अजून अवकाश होता. घोगरी मनात दिवस ढकलत होती. लोकर उतरली की पहिलं काय बोलायचं हे तिने ठरवून ठेवलं होतं, बदलून बदलून ठरवलं होतं. त्या सकाळी ती मेंढरं सोडायला वाडग्याचा अडसर काढत होती, तेव्हा तो समोर येऊन उभा राहिला. पाठीवर गाठोडं, पायांत जाड जोडे.

'आबा,' तो म्हणाला, 'जाऊ?'

सासू दारात आली होती. तिने गाठोडं पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं.

घोगरीच्या हातातला अडसर तसाच राहिला. गप्प राहिलं की काय होतं हे तिला ठाऊक होतं. गप्प बसणं म्हणजे जा. आणि बोलायचं तर दोनच शब्द लागत होते, नको जाऊस, तिच्या स्वतःच्या, घोगऱ्या, हसू आणणाऱ्या आवाजात. ते जिभेवर आलेही. तेवढ्यात मागे एका मेंढीने तिच्या पाठीला डोकं घासलं. कळपाचे कान फुटले तर सासूने काय खायचं? आणि कळप गेल्यावर हा थांबणार तरी कशासाठी? त्याच प्रश्नाला त्याने एकदा उत्तर दिलं नव्हतं. तिने सासूकडे पाहिलं. सासू नकारार्थी मान हलवत होती. बोलू नका म्हणत होती की जाऊ देऊ नका, कळायला मार्ग नव्हता.

बोगद्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याने मान झुकवली, बापाने निरोप दिल्यावर झुकवावी तशी, आणि वळला.

तो उतारावरून निम्म्यावर पोचला तेव्हा तिला राहवेना. तिच्याजवळ एकच आवाज होता. तिने छाती भरून घेतली आणि हाळी घातली, खिंडीत घातली होती त्याहून मोठी, त्याहून लांब. याच हाळीमागे तो रांगला होता, याच हाळीमागे चालायला शिकला होता. त्याचं पाऊल थांबलं. पाठ ताठ झाली. एक खांदा किंचित मागे वळला, वळतोय असं वाटलं.

तोवर वाडग्यातून मेंढरं निघाली होती. ती मोकळ्या दारातून लोटली, तिच्याभोवती दाटली, गुडघ्यांना, मांड्यांना, कंबरेला भिडली. तिला एक पाऊल पुढे टाकता येईना. लोकरीवरून ती टाचा उंचावून पाहत राहिली. त्याने गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि चालायला लागला, आणि वळणापाशी दिसेनासा झाला.

कुत्रा थोडं अंतर त्याच्यामागे गेला आणि परत आला. सासू दारातून हळूहळू खाली आली, मेंढरांतून वाट काढत, एकेकीच्या पाठीवर हात ठेवत सुनेपर्यंत पोचली. मग सवयीप्रमाणे तिने वाडग्यात डोकावून पाहिलं.

वाडगं रिकामं होतं. एकही मागे राहिली नव्हती.